पेन्सिलीएवढा फ्यूज

बारावीच्या फिजिक्सच्या पेपरला मी ज्या दिवशी बसले, त्याच आठवड्यात आमच्या आईच्या कांडप मशीनचा फ्यूज सलग चार वेळा उडाला. मला हे एकदम लक्षात आहे, कारण दहावीपासून मला फ्यूजवरचं उत्तर तोंडपाठ. वितळतार म्हणजे कमी द्रवणांक असलेल्या मिश्रधातूची तार, ती परिपथात एकसर जोडतात, वगैरे वगैरे. दोन मार्क. आणि हे सगळं पाठ असूनही त्या उन्हाळ्यात मी जो गाढवपणा केला ना, तो सांगते. पण थांबा, आधी मशीनचं सांगते, नाहीतर काहीच कळणार नाही.

आमचं गाव खोडदच्या अलीकडे, मीना नदीच्या काठाला. घराच्या गच्चीवरून रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या दिसतात, लहानपणी मला वाटायचं त्या पाऊस गोळा करायला ठेवल्यात. घरात आम्ही, आणि शेजारच्या खोल्यांत थोरले चुलते आणि चुलती. चुलत्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, म्हणून आम्हीही आप्पा, आईपण आप्पाच. वडील दुधाच्या टेम्पोवर, पहाटे जायचे ते दुपारी यायचे आणि आले की झोपायचे, त्यामुळे घरातल्या बाचाबाचीत त्यांचं मत कुणी विचारायचं नाही आणि ते द्यायचेही नाहीत.

बैल विकल्यावर गोठ्याची शेड रिकामी पडली होती. आईने तिथे मिरची कांडपाचं मशीन टाकलं. तोपर्यंत आमच्याकडच्या बायका मसाला कुटायला नारायणगावला जायच्या, अख्खा दिवस जायचा. आईचा भाऊ, म्हणजे माझा मामा, आळेफाट्याला मोटारी रिवायंडिंग करतो, त्यानेच मोटार बघून दिली. आप्पांना ही शेड कांद्याची बराख करायला हवी होती. कांदा निघाला की साठवायला जागा लागते आणि आमच्या आधीच्या बराखीला गळती होती. शेवटी आप्पा म्हणाले की अक्षय तृतीयेपर्यंत, म्हणजे तिजेपर्यंत, चालवून बघा. तोपर्यंत मशीन नीट चाललं, गावात कुणाची तक्रार आली नाही, तर शेड तुझी. नाहीतर कांदा आत आणि मशीन बाहेर.

आई म्हणाली बरं. आईचं बरं लई भारी असतं, ती बरं म्हणाली की समजायचं तिने मनात सगळं ठरवलंय.

आता विजेचं सांगते. आमच्याकडे थ्री फेज लाईट ठरावीक तास यायची. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. शेतातल्या पाण्याच्या मोटारी थ्री फेजवर आणि कांडपही थ्री फेजवर, म्हणून आईचं मशीन मळ्यातल्या डीपीवरच जोडलेलं. डीपी म्हणजे तो खांबावरचा ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या खालची फ्यूजची पेटी. पेटीत चिनी मातीची पांढरी किटकॅट, प्रत्येक फेजला एक, त्यात तार ओवायची. एका डीपीवर आठ मोटारी आणि नववी आमची मिरची.

लाईट आली की आठही जण एकदम बटण दाबायचे, कारण पाणी आधी कुणाच्या वावरात जातं याची शर्यत. मग डीपीचा फ्यूज उडायचा. ज्याला सगळ्यात घाई, तो डीपीकडे पळायचा. डीपीशेजारी एक बाभूळ आहे, तिच्या फांदीला लाईनच्या जुन्या तारेचं भेंडोळं कायम लटकवलेलं. त्यातून एक पदर उलगडायचा, किटकॅटला गुंडाळायचा, झालं. पण आमची माणसं हुशार. आधीच्याने एक पदर टाकला आणि तो उडाला, तर पुढचा दोन पदर टाकायचा, म्हणजे परत चालत यायला नको. मग तिसरा तीन. शिमग्यापर्यंत त्या किटकॅटमधली तार पेन्सिलीएवढी जाड झाली होती. आणि याचा अभिमान केवढा! पलीकडच्या वाडीतल्या पाहुण्यांना सांगायचे की आमची डीपी कधी उडत नाय.

डीपी उडत नव्हती हे खरं. डीपी गुरगुरायची. जवळून गेलं की पायाला जाणवायचं.

आणि इकडे आईचा फ्यूज रोज उडायला लागला.

आईच्या शेडमध्ये तिचं स्वतःचं किटकॅट होतं आणि त्यात मामाने दिलेली बारीक चकचकीत फ्यूज वायर. मामाने मशीन बसवताना तिला एकदाच समजावलं होतं आणि ती मला समजावायची, फिजिक्सच्या सरांपेक्षा भारी. म्हणायची, ब्लाऊजचं बटण तुटतं तेव्हा आपण चिडतो, पण बटण तुटलं नसतं तर कापड फाटलं असतं. ही तार म्हणजे बटण. मोटार जास्त ओढायला लागली की तार आधी जळते, लाईट तुटते, मोटार वाचते.

पण बायकांना हे कोण सांगणार. चार बायका ब्याडगी आणि लवंगी भाजून घेऊन आल्यात, मुसळं धबाधबा पडतायत, सगळ्या शिंकतायत, पदर तोंडाला, आणि मधेच टक. मशीन बंद. आई स्टूलवर चढायची, मेन स्विच पाडायची, किटकॅट काढायची, नवी तार ओवायची, परत चालू. अर्ध्या तासाने परत टक. एकदा एक म्हातारी म्हणाली की मिरचीपेक्षा तारच जास्त कुटतीस बाई तू. सगळ्या हसल्या, आईपण हसली, पण मी तिचं तोंड बघितलं ना.

हे आप्पांच्या कानावर जायला किती वेळ लागणार? ते आणि मळ्यातले बाकीचे पारावर बसायचे तिथे निकालच लागला. आठ जणांचा फ्यूज उडत नाही, एकट्या कांडपाचा उडतो, म्हणजे खोट कांडपात. शिवाय व्होल्टेज पडतंय तेही कांडप आल्यापासूनच. आप्पा घरी येऊन आईला म्हणाले, शांतपणे म्हणाले हां, आप्पा ओरडायचे नाहीत, "तुज्या मशीनीपायी लोकांची पाणी राह्यली. तिजेची वाट बगायची का आत्ताच काढायची?"

आई म्हणाली, "तिजेला अजून तीन आठवडे हायेत, आप्पा."

मला तर रात्रभर राग राग झाला. आणि दुसऱ्या दिवशी मी तो गाढवपणा केला. आई मिरचीची देठं काढत अंगणात बसली होती, लाईट यायला वेळ होता. मी बाभळीकडे गेले, भेंडोळ्यातून तार तोडली, शेडचा मेन स्विच पाडला, किटकॅटमधली बारीक तार काढली आणि तिथे तीन पदर पिळून घट्ट बसवले. द्रवणांक वगैरे डोक्यात पण नाही आलं. डोक्यात एवढंच की आज बायकांसमोर मशीन बंद पडणार नाही.

आणि नाहीच पडलं! एक तास सलग. बायका खूश, म्हातारी खूश, मी तर अशी मिरवतेय की मशीनचा शोधच मी लावला. एवढ्या मिरचीच्या ठसक्यात कुणाला काही वास येणं शक्य नव्हतं. पण आई एकदम थांबली, नाक वर केलं, आणि पळत जाऊन स्विच पाडला. मग मोटारीवर पाण्याचे दोन थेंब टाकले. चर्र झालं. तव्यावर टाकल्यासारखं.

तिने किटकॅट काढून बघितलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता पडणार एक. तर ती म्हणाली, "तारीला काय झालं न्हाई बग. चांगली हाय तुजी तार." बास, एवढंच. बायकांना म्हणाली उद्या या. मोटार संध्याकाळपर्यंत गार होत होती आणि मी तिच्याजवळ बसून होते, आजारी माणसाजवळ बसतात तशी.

त्या दिवशी मला खरं म्हणजे पहिल्यांदा कळलं की फ्यूज उडणं ही तक्रार आहे. कुणीतरी सांगतंय की पुढे काहीतरी बिघडलंय. आणि आमचं अख्खं गाव सांगणाऱ्याचंच तोंड बांधत होतं. मग मी विचार करायला लागले की आमची मोटार जास्त का ओढते. मामाला एसटीडीवरून फोन केला. मामा म्हणाला की व्होल्टेज पडलं की मोटार तेवढंच काम करायला करंट जास्त ओढते, तापते. म्हणजे तुमचा फ्यूज बरोबर उडतोय. प्रश्न हा की व्होल्टेज पाडतंय कोण. डीपीवर कुणाची तरी मोटार नाहीतर केबल खराब असणार, आणि जाड तारेमुळे ती पकडली जात नाही.

मी हे सगळं एका दमात आईला सांगितलं. आई म्हणाली की हे पारावर जाऊन कोण सांगणार, तू का मी? बरोबरच होतं. ज्यांचा फ्यूज उडत नाही ते कशाला ऐकतील.

आणि मग दुर्बिणीची जीप आली. हे मी बनवून सांगत नाहीये. दुर्बिणीवाल्यांकडे एक गाडी असायची, तिच्या टपावर छोटा अँटेना. कुठे वायर ठिणग्या मारत असेल तर त्यांच्या यंत्रात खरखर ऐकू येते, आकाशातलं काही नीट ऐकूच येत नाही, म्हणून ते शोधत फिरायचे. ती जीप आमच्या मळ्यात शिरली, दोन चकरा मारल्या आणि बरोब्बर डीपीखाली उभी राहिली. त्यातला साहेब खूप नम्र होता. पेटीकडे बघून म्हणाला की तुमची तार किटकॅटमध्ये नीट बसत नाहीये, जाड असल्यामुळे ढिली आहे, ठिणग्या पडतायत, जरा वायरमनला सांगून बदलून घ्याल का.

झालं, गावभर चर्चा. तारे ऐकायला बसल्यात आणि आमची डीपी ऐकू येतीय. पोरं आप्पांना विचारायला लागली की आप्पा, डीपी काय म्हणती?

आता वायरमनला बोलवावंच लागलं. वायरमनकडे नऊ गावं, माणूस भला पण सायकलवर. तो आला, पेन्सिल बघितली आणि डोक्याला हात लावला. म्हणाला की डीपी जळली असती तर दुसरी यायला किती आठवडे लागले असते, ते माझ्या हातात नाय. त्याच दिवशी आईने मामाला बोलावून ठेवलं होतं. मी म्हटलं ना, तिचं बरं लई भारी असतं. मामा बजाजवर आला, खिशात तीन-चार जाडीच्या फ्यूज वायरची रिळं.

डीपीखाली सगळे जमले. बाई माणूस एकटी आई, आणि मी. आई आप्पांना म्हणाली, "आप्पा, एक काम करा. सगळ्यांच्या मोटारी बंद. एका मोटारीपुरतीच तार टाका आन् एकेक मोटार चालू करा. ज्याची खोट आसंल त्याचा उडंल. पयली माजी. माजा उडाला तर आजच मशीन काढते, तिजेची वाट नाय."

मी मनात म्हटलं आई, तीज तरी येऊ दे. पण ती बोलून गेली होती.

मामाने वायरमनला समजावलं की एका पाच एचपीच्या मोटारीला पुरेल, सुरुवातीचा झटका सोसेल एवढी तार घेऊ, तिच्यापेक्षा जाड नको. वायरमनला पटलं. त्याने वरचा स्विच पाडला, तिन्ही किटकॅटमध्ये बारीक तार ओवली, परत चालू केला. मी शेडकडे पळाले. आईने सांगून ठेवलं होतं की रिकामं चालवायचं नाही, मिरची टाकून चालवायचं, नाहीतर लोक म्हणतील फसवलं. चुलती तिथे उभी होती, तिनेच टोपलं ओतलं. मी बटण दाबलं. मुसळं पडायला लागली. मी एवढ्या जोरात शिंकले की मला वाटलं फ्यूज उडाला.

नाही उडाला. अर्धा तास चालवलं. मग मशीन बंद करून मी दारातून ओढणी हलवली, डीपीखालून कुणीतरी टॉवेल हलवला, म्हणजे पुढची मोटार.

मग एकेक सुरू झालं. वावरावावरातून माणूस बटण दाबायचा आणि टॉवेल हलवायचा, डीपीखालचा टॉवेल हलवून सांगायचा ठीक आहे. दुसरी ठीक. तिसरी ठीक. मी तोपर्यंत धावत डीपीपाशी आले होते. पाचवीचा मालक इतका घाबरलेला की बटण दाबून मागे बघत बघत पळाला, पण तीही ठीक. सहावी, सातवी ठीक. आठवी आणि नववी झाली की संपलं, आणि त्यातली आठवी आप्पांची.

आप्पा म्हणाले, "माजी बगायची गरज नाय. गेल्या सालचीच हाय, नवीकोरी."

पाचवीचा मालक आता एकदम शूर झाला होता. म्हणाला, "नवी हाय तर दाखवा की आप्पा. नव्या नवरीला कोण लपवून ठेवतं राव?"

सगळे हसले. आप्पा नदीकडच्या मोटारीच्या खोलीकडे गेले. लांबून त्यांचा टॉवेल हलला.

आणि पेटीत टक. छोटीशी निळी चमक, एका फेजची तार गायब. फक्त किटकॅटवर काळा डाग.

आप्पा परत चालत आले, घामाघूम. म्हणाले की पावण्यांनी तारच कच्ची आणली. मामा म्हणाला, "आसंल. बदलू की." वायरमनने तार बदलली, या वेळी एका नंबरने जाड. आप्पा परत गेले. टॉवेल. टक. तीच फेज. मग मामाने पुन्हा पहिलीच बारीक तार मागितली आणि मला म्हणाला जा, तुझं मशीन परत लाव. मी परत पळाले, परत मिरची, परत शिंका. चालतंय! परत डीपीपाशी. माझा तो उन्हाळ्यातला सगळा व्यायाम त्या एका दिवसात झाला.

तिसऱ्यांदा आप्पा गेले नाहीत. मामा आणि वायरमनच गेले नदीवर, मागून आम्ही सगळे. मोटारीच्या खोलीत बघितलं तर स्टार्टरचा ट्रिप होणारा, जास्त करंटला आपोआप पडून मोटार बंद करणारा दांडा सायकलच्या ट्यूबने गच्च बांधलेला, म्हणजे तो पडूच नये. किटकॅटमध्ये अर्थात बाभळीची तार. आणि पाण्यातून केबल ओढून काढली तर मधे जोड, त्याच्यावर खताच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून वर सुतळी. पिशवीच्या आत पाणी. किती महिने ती केबल नदीत करंट सोडत होती कुणास ठाऊक. मासे कसे राहिले हेच नवल.

पाचवीचा मालक म्हणाला, "आप्पा, नदीला बी लाईट दिलीत."

आप्पा उरलेली केबल ओढायला लागले. मला वाटलं आता आई काहीतरी बोलेल. तिने बोलायला हवं होतं, मी तर अख्खं भाषण तयार ठेवलं होतं. ती फक्त केबलचं दुसरं टोक धरायला खाली वाकली, कारण आप्पा एकटेच ओढत होते आणि ती जड होती.

मामाने तिथेच जोड कापला, नवा केला, नीट टेप मारून पाण्याच्या वर बांधला. ट्यूब काढली. वायरमनने डीपीला हिशेबाची तार टाकली आणि भेंडोळं सायकलला अडकवून घेऊन गेला. दुसऱ्या दिवसापासून व्होल्टेज असं आलं की मशीनचा आवाजच बदलला, मुसळं नाचल्यासारखी. आईचा फ्यूज त्या सीझनला परत उडाला तो फक्त एकदा, आणि तेव्हा खरंच तिने घमेलं काठोकाठ भरलं होतं. ती म्हणाली, बरोबर सांगितलं त्याने.

डीपीचा फ्यूज मात्र दोनदा उडाला, आणि दोन्ही वेळा लोक पळत येऊन आधी एकमेकांना विचारायला लागले की तुझं काय बिघडलं? लई गंमत वाटायची. आधी फ्यूज उडाला की शिव्या द्यायचे.

अक्षय तृतीयेला सकाळी आईने शेड झाडून घेतली. तिला कुणी काही बोललं नव्हतं, ना हो ना नाही. कांदा काढून वावरात पडलेला, पाती कापून झालेली, तो आज ना उद्या कुठेतरी ठेवायलाच लागणार होता. दुपारी पुरणपोळ्या झाल्यावर आप्पा ओट्यावर बसले, पान लावलं. आई भांडी घेऊन चालली होती. आप्पा माझ्याकडे बघून बोलले, आईकडे नाही.

"कांद्याची बराख वरल्या बांदाला घालाय लागंल. त्या शेडीत मिरचीचा ठसका लई. कांद्याला लागंल."

आई थांबली. भांडी हातातच. म्हणाली, "लागंल की, आप्पा."

मी म्हणणार होते की कांद्याला कधी ठसका लागतो का. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड उघडलं ते जांभई देऊन बंद केलं. मग ती आत गेली, भांडी ठेवली, आणि लाईट यायला पाच मिनिटं असताना शेडचं दार उघडलं. बाहेर तीन बायका टोपली घेऊन सणाच्या दिवशीही बसलेल्या, आणि त्यांच्यात चुलती, स्वतःची भाजलेली मिरची मांडीवर घेऊन, पहिल्या नंबरला.